तोंड दर्याकडे

अख्ख्या अमिरातीत थंडीची धास्ती घेतलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. आम्हा कोकणी मुसलमानांत मावशीला खाला आणि तिच्या नवऱ्याला खालू म्हणतात. खालू शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करत होते. इथे डिसेंबर लागला की माणसं घराबाहेर पडतात आणि बोटी पाण्यात, कारण उन्हाळ्यात दोघांचंही भाजून निघणं ठरलेलं. पण खालूंचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, फुजैराचे एक म्हातारे अरबाब, म्हणजे इथल्या बोलीत मालक. डिसेंबर आला की ते तंबू आणि ससाणे घेऊन वाळवंटात जायचे, ते मार्चमध्येच परतायचे. त्यामुळे त्यांची बोट ऐन मोसमात शेडमध्ये झोपायची, आणि तिला झोपवायचं काम खालूंचं.

ती जेट बोट. तिला खाली पंखा नाही. पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, एवढ्यावर ती पळते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा खालूंनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “ही होडी नाही, शेतातला पंप आहे. कोणीतरी त्याला गाद्या लावल्यात.” पुढे त्याच पंपावर त्यांचा एवढा जीव जडला की विचारू नका. बोट गोड्या पाण्याने धुवायची, तळाची बुचं काढून पाणी निथळू द्यायचं, पंपाला ग्रीस भरायचं, टाकी काठोकाठ भरायची, बॅटरी सोडवून ठेवायची, असं हे काम. बरा मेकॅनिक दुपारपर्यंत उरकतो. खालूंना दोन दिवस लागायचे. पंप सुकला यावर त्यांचा विश्वासच बसत नसे. हवेच्या नळीने फुंकून झालं की ते घरून आणलेला खालाचा केस वाळवायचा ड्रायर काढायचे आणि पंपाच्या तोंडाशी पालथे पडून अर्धा तास वारा घालायचे. खाला त्या दोन दिवसांत डोक्यावरून पाणीच घेत नसे. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत चिंधी कोंबली की स्टिअरिंगला लाल फीत बांधायची, म्हणजे मार्चमध्ये कोणी चिंधीसकट इंजिन चालू करू नये. एकदा माझी धाकटी मुलगी बरोबर आली होती. हा सगळा थाट बघून तिने हळूच विचारलं, “अब्बा, इज द बोट सिक?” खालूंनी तिला गंभीरपणे सांगितलं की नाही, फक्त दमली आहे.

माझं काम पुस्तक वाचण्याचं. मी अल कुसैसच्या एका ऑफिसात कागदपत्रं टाइप करतो, म्हणून घराण्यातलं सगळं इंग्रजी माझ्या वाट्याला. बोटीचं पुस्तक कुठल्यातरी थंड मुलखात छापलेलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पंपात पाणी गोठून तडा जाईल, सबब न गोठणारं गुलाबी औषध भरावं. मी म्हटलं, खालू, आपण फुजैरात आहोत, अंगावर साधा शर्ट आहे. त्यावर स्वेटर घातलेले खालू शांतपणे म्हणाले, “इथे बर्फ पडणार नाही, असं तू लिहून देतोस?” दिवसभर लोकांना काहीबाही लिहून देणारा मी, पण तेवढं लिहून द्यायचा धीर मला झाला नाही. ते औषध मिळवायला आम्ही अर्धं शारजा पालथं घातलं.

पण हे सगळं बाजूला ठेवा. खालूंचा खरा हट्ट बोटीच्या तोंडाचा. त्यांचा जन्म रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा. पावसाळ्याआधी होडी वर ओढली की त्यांचे वडील तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दर्याकडे वळवून ठेवायचे. चार महिने पाठ करून बसलेल्या होडीला दर्या परत ओळखत नाही, अशी त्यांची समजूत. पहिल्या वर्षी काम वर्कशॉपमध्येच झालं, मग आम्ही बोट ट्रेलरवर घालून शारजाहून डोंगर ओलांडून फुजैराला नेली. शेड अरबाबांच्या घरामागे, तिथून समुद्र दिसत नाही. खालूंनी मावळतीचा सूर्य बघितला आणि पठाण ड्रायव्हरला तासभर पुढे-मागे करायला लावून बोट पश्चिमेला तोंड करून उभी केली. रत्नागिरीला दर्या पश्चिमेला, शारजालाही पश्चिमेला. दर्या दुसरीकडे कुठे असू शकतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सकाळी अरबाब आले, बघत राहिले आणि म्हणाले, “खालू, दर्या पीछे है. ये पहाड़ देखता है.” खालूंचा चेहरा असा उतरला की मला हसायचंही सुचेना. ड्रायव्हरला परत बोलावून त्यांनी बोट पूर्वेला फिरवली आणि जाताना तिच्या कडेवर हात ठेवून माफी मागितली.

गेल्या वर्षी खालूंचा व्हिसा संपला आणि वर्कशॉपने तो पुढे वाढवला नाही. घरी परतायचं ठरलं. बाकी कशाचीच काळजी ते बोलून दाखवत नव्हते. पुढच्या हिवाळ्यात हिला कोण झोपवणार आणि तोंड कुठे करणार, एवढंच पुन्हापुन्हा. शेवटच्या दिवशी काम संपल्यावर त्यांनी मला फोनवरच्या नकाशात रत्नागिरी काढायला सांगितली. समोर फक्त पाणी, आणि पाण्यापलीकडे, जरा उजव्या हाताला, रत्नागिरी. त्यांनी ड्रायव्हरकडून बोट तेवढी उजवीकडे घेतली. शेडमध्ये ती वाकडी दिसत होती. अरबाब दारात उभे राहून सगळं बघत-ऐकत होते.

या डिसेंबरला वर्कशॉपचा नवा मेकॅनिक जाणार होता. खालूंनी रत्नागिरीहून इतके फोन केले की शेवटी मी सुट्टी टाकून गेलो. नव्या माणसाने काम चोख केलं, दुपारपर्यंत. ड्रायव्हर बोट सरळ लावू लागला तेव्हा वाळवंटात जायला निघालेले अरबाब गाडीतून उतरले. म्हणाले, “सीधा नहीं. थोड़ा राइट. खालू का गाँव उधर है.” आणि बोट वाकडी होईपर्यंत काठी टेकून तिथेच उभे राहिले.

मी फोटो पाठवला. खालूंचे तीन व्हॉइस मेसेज आले. पहिल्यात बुचं काढली का, दुसऱ्यात लाल फीत कुठे दिसत नाही ती. तिसऱ्यात बराच वेळ नुसता लाटांचा आवाज होता, मग खालू म्हणाले, “मी किनाऱ्यावर आलोय. थोडा वेळ बसतो तिच्यासमोर.”

फीत मी परत जाऊन बांधली.