हमीदाच्या गादीतली गुठळी

आधीच सांगून टाकतो, भूत, हडळ, जिन्न, करणी यातलं मी काही मानत नाही. मानणार तरी कसा? आमच्या भागातल्या निम्म्या हडळी माझ्याच हातच्या आहेत! घाटंजीबाहेरच्या नाल्यावर तिन्हीसांजेला पांढऱ्या लुगड्यातली बाई केस विंचरत बसते असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर ती बाई मीच तिथे बसवली हे ध्यानात ठेवा. छप्पन साली एका लग्नघरी गाद्या भरत होतो, चहाचा दुसरा कप काही येईना... तेव्हा बसवली. चहा आला. बाई अजून तिथेच आहे.

मी पिंजारी. खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, टाकून गावोगाव फिरायचं, लोकांच्या गाद्या उसवायच्या, आतली दबलेली रुई त्या धनुष्याच्या दोरीवर, तातीवर, पिंजून फुलवायची, पुन्हा खोळीत भरून टाके घालायचे. माझ्या तातीचा आवाज घाटंजीत निघाला की यवतमाळच्या कचेरीतले कारकून दचकून जागे होत. एका शेठला मी इतकी हलकी रजई भरून दिली होती की तिच्या चारी कोपऱ्यांना धोंडे बांधावे लागले, नाहीतर ती... असो.

शेजारी शरीफा बसली आहे. शरीफा म्हणजे माझी बायको. तिला वाचता येत नाही. म्हणून मी एकेक ओळ लिहितो, मोठ्यानं वाचतो, आणि ती "खोडा" म्हणाली की खोडतो. ही गोष्ट लिहायला तिनं याच अटीवर परवानगी दिली. रजईची ओळ मी भांडून ठेवून घेतली. इथून पुढे मात्र फुगवलेलं काही सापडणार नाही.

हमीदा माझी धाकटी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले, तिला मीच वाढवली. एकसष्टच्या उन्हाळ्यात तिचं लग्न पांढरकवड्याच्या यूसुफमियाँशी लावून दिलं. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, घरात तो आणि त्याची आई. माणूस गरीब गाईसारखा. आई मात्र बोलायला तिखट. मी तिला चाची म्हणायचो.

आम्हा पिंजाऱ्यांत एक रीत आहे. बहिणीच्या लग्नाची गादी भावानं भरायची, दुसऱ्या कोणाचा हात तिला लागू द्यायचा नाही. बाकी आहेर कमी पडला तर चालतो, पण त्या गादीत खोट निघाली तर बिरादरीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी हमीदासाठी नव्या हंगामाची रुई घेतली, एकदा पिंजायची तिथे तीनदा पिंजली, सरकीचं टरफल दिसलं तरी वेचून काढलं. उशाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घातला. माझी सही म्हणा.

त्याच साली कापूस वेचणीला आला तेव्हा मी पांढरकवड्याला गेलो होतो. पाणी प्यायलो नाही तोच चाची सुरू झाली.

"घाटंजीचा एवढा नावाजलेला पिंजारी! आन बहिणीले गुठळ्यायची गादी?"

मी हसलो. मग हमीदाकडे पाहिलं. ती चुलीपाशी खाली मान घालून बसली होती.

"हो भाई," ती म्हणाली, "तुमच्या गादीत गुठळी हाये. डाव्या अंगाले लागते."

माझं डोकं सटकलं. तिथल्या तिथे गादी अंगणात ओढली, टाके उसवले, आणि हात घातला. उशापासून वीतभर खाली, डावीकडे, एक गुठळी होती! ज्वारीच्या दाण्याएवढी. बाकी सगळी रुई लोण्यासारखी. रुई दबली तर सगळीकडे दबते, एकाच जागी दाणा धरून बसत नाही. बोटात दाबून पाहिली, फुटेना. तातीवर घातली तर एरवी तीन ठोक्यांत मोकळी व्हायची, तिला चांगला वेळ लागला. पुन्हा भरली, टाके घातले आणि चाचीला ऐकू जाईल असं म्हणालो, "पावसाळी हवेनं झालं असंल."

होळीच्या आधी यूसुफमियाँ घाटंजीच्या बाजाराला आला होता. ओशाळत म्हणाला, "भाई, ते गादीचं... हमीदा पुन्हा म्हणून राह्यली."

दुसऱ्याच दिवशी मोटारीत बसलो. या वेळी अंगणात शेजारपाजार जमला होता, पिंजाऱ्याची फजिती फुकटात पाहायला. गादी उचलली तर लाल टाका पायथ्याशी. म्हणजे हमीदानं गादी फिरवून घातली होती. गुठळी पायथ्याकडे सापडायला हवी ना? हात घातला... उशाकडेच होती. डावीकडे, वीतभर खाली, त्याच जागी. आता सुपारीएवढी.

लोक पाहत होते. मला घाम फुटला. आणि घाम फुटला की माझी जीभ सुटते, हा माझा जुना रोग. मी पिंजण वाजवत सगळ्यांना सांगायला लागलो, "अरे, या पोरीले मी लहानपणी ढगावर निजवत होतो! आषाढातला कवळा ढग पकडायचा, पिंजायचा, अन् त्याची गोधडी करायची. अशा पोरीले जमिनीवरची रुई टोचणार नाही त काय होईल? गादी चांगली हाये, लाड जास्त झाले!"

सगळं अंगण खो खो हसलं. चाचीसुद्धा. यूसुफमियाँ तर डोळे पुसत होता. हमीदानं ओढणी छातीवर घट्ट ओढली आणि आत निघून गेली.

ती गुठळीही पिंजून मी गादी शिवली. निघताना हमीदा दारापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, "भाई, गादी फिरवली तरी तिथंच लागते."

"दुखते का?" मी विचारलं.

"नाही. दुखतच त नाही."

"मग राहू दे ना बाई! न दुखणाऱ्या गुठळीसाठी मले कायले दर वेळी चार गावच्या लोकांसमोर उभा करतं?"

शरीफा म्हणते, हे वाक्य जसंच्या तसं लिहा. लिहिलं.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पोळा होऊन गेला होता. चाची शेजारी गेलेली, यूसुफमियाँ दुकानात. मी गुपचूप गादी उसवली. लिंबाएवढी गुठळी. हातात घेतली तर जड लागली. रुई जड कशी लागंल? दगडासारखी टणक, आणि एका बाजूनं आत ओढल्यासारखा खळगा. चाचीनं पाहिली तर बिरादरीत डंका पिटेल म्हणून मी ती पिंजली नाही, सरळ खिशात घातली आणि गादी शिवून टाकली. हमीदा उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. तिची मनगटं केवढी बारीक झाली होती... मला दिसलं. मला वाटलं, सासूच्या हाताखाली पोरगी वाळली.

घरी येऊन ती गुठळी शरीफापुढे टाकली. "पाह्य, माह्या हातची रुई मलेच दगा देऊन राह्यली!"

शरीफानं ती उचलली. दाबली. त्या खळग्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "हमीदाले हे कुठं लागते म्हनते?"

"डाव्या अंगाले. उशापासून वीतभर खाली."

"गादीचं नाही विचारत मी."

सकाळच्या पहिल्या मोटारीनं ती एकटीच पांढरकवड्याला गेली. जाताना ती गुठळी फडक्यात बांधून घेऊन गेली. संध्याकाळी परतली तेव्हा हमीदाला सोबत घेऊनच आली. तिला आत निजवलं, बाहेर आली आणि मला एवढंच म्हणाली, "डाव्या छातीत गाठ हाये. मी दोन्ही हातानं धरून पाह्यलं. एका हातात ते, एका हातात हे. एवढीच हाये. खळगा पन तसाच."

यवतमाळच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होती. तिनं हमीदाला तपासलं, काखेत बोटं घातली, मग हात धुऊन समोर बसली. शरीफा आत होती, मी पडद्यापलीकडे. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"लग्नानंतर थंडी पडली तेव्हापासून," हमीदा म्हणाली. "ज्वारीच्या दाण्याएवढी होती."

"मग तेव्हाच का नाही आलीस?"

"दुखत नव्हती ना."

डॉक्टरीणबाईची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दुखत नव्हती म्हणूनच यायचं होतं, बाळ. ही गाठ दुखायला लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. आता काखेतही आहेत. दाण्याएवढी होती तेव्हा काढून टाकली असती तर..." तिनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

नागपूरला ऑपरेशन झालं. छाती काढली. किरणांचा शेकही दिला. दोन महिने जरा बरं वाटलं, मग पाठीत दुखायला लागलं, मग खोकला. यूसुफमियाँ दुकान बंद करून तिच्या उशाशी बसून राहायचा, आणि चाची, ती तिखट बाई, तिचे पाय दाबायची.

एका दुपारी मी हमीदाजवळ बसलो होतो. विचारलं, "बेटा, एवढे दिवस कोणाले काहून नाही सांगितलं?"

"कोणाले सांगू? सासूले? त्यायले? लाज वाटत होती." मग म्हणाली, "तुमाले त सांगितलं होतं."

"मले? तू त गादीचं सांगितलं होतं!"

"तुमाले अजून कसं सांगू, भाई? भावाले छातीचं कसं सांगतात? म्हटलं, गादीत गुठळी हाये म्हणावं. भाई डाव्या अंगाचं विचारंल, भाभीले सांगंल, भाभी मले विचारंल... कोणीतरी विचारंल ना."

मी म्हणालो, "पण गुठळी होती, हमीदा. मी माह्या हातानं काढली. तीन वेळा."

तिनं माझ्याकडे पाहिलं, लहानपणी मी ढगाची गोष्ट सांगायचो तेव्हा पाहायची तसं. "भाई, आता त गोष्टी नका सांगू. गादी चांगली होती. मले त तिच्यात कधीच काही लागलं नाही. त्या गुठळ्या त तुमीच माह्यं खोटं झाकायले दाखवल्या असतील. मी बनवून सांगितलं होतं."

तुम्हीही तसंच पाहत असाल. पाहा. मी आयुष्यभर बोराएवढ्या गोष्टीचा भोपळा करत आलो, हा माझाच गुन्हा आहे. पण सांगा, जी गुठळी तिनं फक्त तोंडानं बनवली, ती माझ्या हाताला कशी लागली? दाण्याएवढी, मग सुपारीएवढी, मग लिंबाएवढी?

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात हमीदा गेली. बाविशी पूर्ण झाली नव्हती.

तिच्या चाळिसाव्या दिवसानंतर यूसुफमियाँ ती गादी घेऊन आला. म्हणाला, "भाई, हिच्यावर मले झोप येत नाही." मी ती तीन दिवस उसवत बसलो. रुईचा एकेक पुंजका बोटांतून काढला. काही नव्हतं. तिळाएवढंसुद्धा नव्हतं. लग्नाला भरली होती तशीच मऊ होती.

त्यानंतर माझ्या फिरण्यात एक बदल झाला. शरीफा सोबत यायला लागली. मी अंगणात पिंजण वाजवत लोकांना हडळीच्या गोष्टी सांगतो, आणि ती आत जाऊन बायकांना हमीदाची गोष्ट सांगते. बिनपाल्हाळ. "आंघोळ करताना छातीवरून, काखेतून हात फिरवून पाहा. गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, चोळीवर डाग पडला, तर लाजू नका. अन् दुखत नसंल तर आधी जा." काही बायका हसतात. एका घरी तर तिला पिंजाऱ्याची करणीवाली बायको म्हणून हाकलली.

केळापूरच्या वच्छलाबाईंनी मात्र तिला एकटीला मागच्या दारी नेलं. शेतकऱ्याच्या घरची बाई, चार लेकरांची आई. म्हणाल्या, "मले हाये वो एक. चण्याएवढी. पण आता कापूस फुटला, वेचणी झाली की उन्हाळ्यात जातो."

शरीफा त्यांच्या उंबऱ्यात बसली. "चण्याएवढी हाये म्हणूनच चला. मी लिंबाएवढी हातात घेतली हाये, बाई." नवऱ्यानं कुरकुर केली, सासऱ्यानं मला शिव्या दिल्या. शरीफा दुपारपर्यंत उठलीच नाही. चौथ्या दिवशी वच्छलाबाई यवतमाळला गेल्या. ऑपरेशन झालं. त्याला आता तीन वर्षं होतात. गेल्या पोळ्याला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं, पुरणपोळ्या स्वतः लाटल्या.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या गादीत गुठळी सापडली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. जेवण झाल्यावर मी मुद्दाम त्यांची जुनी गादी मागून घेतली, फुकट पिंजून देतो म्हणालो, आणि सगळी उसवून पाहिली. काहीही नव्हतं. त्यानंतर इतक्या घरच्या गाद्या माझ्या हातून गेल्या, आजारी बायांच्याही गेल्या. कुठेच नाही. जे काही माझ्यासाठी होतं ते त्या एकाच गादीतून सांगितलं गेलं, तीन वेळा, आणि मी टाके घालत राहिलो. का, कसं, कोणी... मौलवीसाहेबांना विचारलं, डॉक्टरीणबाईला विचारलं. दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

ती तिसरी गुठळी शरीफानं पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. सहा वर्षं झाली, तशीच टणक आहे.

इथे शेवटी मी एक ओळ लिहिली होती, की वच्छलाबाई बऱ्या झाल्या तेव्हा हमीदा माझ्या स्वप्नात आली, ढगाच्या गोधडीवर बसली होती आणि हसत होती. ती ओळ वाचून दाखवली. शरीफा डब्याकडे पाहत म्हणाली, "खोडा."

खोडली. हमीदा आलेली नाही.