नदीच्या गोट्यांचा रस्ता

सासू रस्त्यावर आडवी पडली होती आणि तिचा डावा पाय जिथे वळू नये तिथे वळला होता. सायकल माझ्या अंगावर होती, हँडल बरगडीत घुसलं होतं. मी ती ढकलून उठले आणि आधी वरच्या अंगाला पाहिलं, मग खालच्या. दोन्हीकडे रस्ता रिकामा. फाल्गुनातली दुपार होती, ऊन इतकं की पांढऱ्या गोट्यांकडे बघवत नव्हतं.

तिला फुरसं चावून तास होत आला होता. पनवेलचा दवाखाना अजून अडीच कोस होता.

"आये, बोल कायतरी," मी म्हणाले.

"काय बोलू? पारलंस ना मना?"

बोलली म्हणजे जिवंत होती. पण बोलताना तिचे दात लाल दिसले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. फुरशाच्या विषाने रक्त धरत नाही, मिळेल तिथून बाहेर येतं. एवढं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं.

आमचं गाव पनवेलच्या पूर्वेला, डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात. भाताचं एकच पीक. दिवाळी झाली की गावातले धडधाकट पुरुष उरणच्या बाजूला मिठागरांवर जायचे ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. बैल आणि गाड्याही मीठ वाहायला सोबत जायच्या. मागे म्हातारे, बाया आणि पोरं. मीही गेले असते, बऱ्याच बाया जायच्या. पण सासूला एकटं ठेवता येत नव्हतं आणि तिला मिठाच्या पाण्यात उभं राहणं आता जमत नव्हतं.

माझ्या नवऱ्याची सायकल होती. गावातली एकुलती एक. ती तो मिठागरावर नेत नसे, कारण तिथली हवा लोखंड खाते, एका हंगामात साखळी गंजून जाते. जाताना तो तिला गोडेतेल चोळायचा आणि ओटीच्या आढ्याला दोरीने टांगायचा. मग ती सहा-सात महिने तिथेच.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी ती खाली उतरवली. का, ते विचारू नका. दुपारी गाव झोपलेलं असे, रस्त्यावर चिटपाखरू नसे, आणि मी एकोणीस वर्षांची होते. आमचं लुगडं गुडघ्यापर्यंतचं, घट्ट काष्ट्याचं, त्यामुळे मधल्या दांड्याची अडचण झाली नाही. पंधरा दिवस पडले, मग जमलं. पहिल्या ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. पुढे पुढे पार डांबरी सडकेपर्यंत जायला लागले. एकही मोटार नाही, गाडी नाही, हटकायला माणूस नाही. दोन्ही अंगांना डोंगर, मधे गोट्यांची आणि उरल्यासुरल्या मुरमाची वाट. मला ते आवडायचं. एवढंच सांगते, जास्त काही नव्हतं त्यात.

सासूला पहिल्या आठवड्यातच कळलं. गुडघे फुटलेले लपत नाहीत.

"नवरा मिठावं नि बायको घोऱ्यावं!" ती विहिरीवर सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायची. "उद्या घोऱ्यावं बसून बापाच्या घरी जाईल."

पण नवऱ्याला तिने कधी सांगितलं नाही.

आता रस्त्याचं. तो आम्हीच केलेला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच-सहा वर्षांनी साहेब आले, म्हणाले श्रमदान करा, रस्ता होईल, मोटार येईल, दवाखाना जवळ येईल. घराघराला रस्त्याचा हिस्सा वाटून दिला, चुन्याने खुणा केल्या. डोंगराच्या पायथ्याचा काळा दगड फोडून खडी करायची, ती पसरायची, वर मुरूम, पाणी, आणि धुमसाने ठोकून बसवायचं. काम निघालं दिवाळीनंतर. तोवर पुरुष मिठावर गेलेले. दगड फोडणार कोण?

तेव्हा माझी सासूच बायांना म्हणाली, "नदी हाय ना बाजूला. गोटं भरा नि टाका. वरशी मुरूम आला का कोन बघतंय खाली काय हाय."

आम्ही टोपल्या भरभरून नदीतले गोटे वाहिले. गुळगुळीत, अंड्यासारखे. मुकादम आला, वरून चालत गेला, खूश झाला. पहिल्या पावसात मुरूम वाहून गेला आणि गोटे उघडे पडले. फोडलेल्या दगडाला कोपरे असतात, तो एकमेकांत अडकून बसतो. गोटा अडकत नाही, घरंगळतो. बैलगाडीला त्याचं काही वाटत नाही, म्हणून कुणी दुरुस्तही केला नाही. ओढ्यावरची मोरी बांधायची राहिली ती राहिलीच, त्यामुळे मोटार आली नाही.

सगळ्यात वाईट तुकडा दुसऱ्या ओढ्याच्या उताराचा. तो आमच्या घराचा हिस्सा नव्हता. कुणाचा होता ते मला माहीत आहे, सांगत नाही. आमच्याही हिश्श्यात तेच गोटे होते. त्या उतारावर मी नेहमी खाली उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे.

त्या दिवशी सासूने चूल पेटवायला गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि फुरसं मनगटाच्या वर चावलं. ती ओरडली नाही. बाहेर येऊन म्हणाली, "भगताला बोलव."

"भगत मिठावं गेलाय, आये."

मंत्राने विष उतरवणारा गावात तो एकटाच होता. सासू ओटीवर टेकली. मग म्हणाली, "मेल्याला मीठच पायजे होतं."

शेजारच्या म्हातारीने कडुलिंबाचा पाला चावायला दिला. सासू म्हणाली, गोड लागतो. पाला गोड लागला म्हणजे विष भिनलं असं आमच्याकडे मानतात. म्हातारी रडायला लागली. मी सायकल खाली उतरवली.

"मी नाय बसनार त्याच्यावं," सासू म्हणाली.

"मग मर हितंच," मी म्हणाले. हे मी म्हणाले, खोटं कशाला बोलू.

ती मागच्या कॅरिअरवर बसली, दोन्ही बाजूंना पाय टाकून, एका हाताने माझी कंबर धरून. दुसरा हात सुजून दांड्यासारखा झाला होता. वाटेत ती झोपू नये म्हणून मी तिला बोलतं ठेवत होते, म्हणजे ती मला शिव्या देत होती आणि मी ऐकत होते. पहिला ओढा पार झाला. दुसऱ्याच्या उतारावर ती म्हणाली, "उतर गो. हितं तरी उतर. गोटं हायेत."

मी उतरले नाही. उतरून, तिला उतरवून, परत बसवायला वेळ गेला असता. चाक गोट्यांवर गेलं आणि माझ्याखालून निघून गेलं.

तिला उचलायला गेले तर ती गुरासारखी ओरडली. एकटीला जमणारं नव्हतं. सावली नव्हती. मी तिच्या तोंडावर पदर धरून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्या रस्त्यावर कुणी येत नाही याचा मला तोवर आनंदच होता.

मग वरून एक कातकरीण आली, डोक्यावर लाकडांची मोळी, पनवेलच्या बाजाराला निघालेली. तिने काही विचारलं नाही. मोळी टाकली, सासूच्या काखेत हात घातले आणि म्हणाली, "म्हातारे, माझ्या गळ्याला धर. ओरड हवं तेवढं, हितं कोण ऐकतंय."

सासूने धरलं. आमच्या ओटीवर तिने कातकऱ्यांना कधी चढू दिलं नव्हतं, पाणीही वरून ओतायची.

आम्ही तिला कॅरिअरवर आडवं बसवलं, माझ्या लुगड्याचा पदर फाडून सीटला बांधलं. मी हँडल धरलं, कातकरणीने मागून तिला आणि तिच्या पायाला धरलं. अशा आम्ही कोसभर चाललो. सासू आधी ओरडत होती, मग कण्हत होती, मग काहीच नाही. तिच्या नाकातून रक्त येऊन माझ्या हातावर पडत होतं. कातकरीण मधूनमधून तिच्या गालावर चापट मारायची. "ए म्हातारे. सुनेला शिव्या दे."

"दमली," सासू एकदा म्हणाली. त्यानंतर सडक येईपर्यंत बोलली नाही.

डांबरी सडकेवर भाताच्या गिरणीची लॉरी मिळाली. सासूला पोत्यांवर घातलं. मी कातकरणीला म्हणाले, तुझी मोळी मी आणून देईन. ती म्हणाली, जा आता. मी मोळी आणून दिली नाही. तिचं नावही विचारलं नव्हतं.

दवाखान्यात हाताला सुई लावली. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र काढली तर बघू. तिने ती काढली, पुढचीही काढली. चौथ्या दिवशी रक्त थांबलं, सूज उतरायला लागली. मग त्यांनी पायाकडे नीट पाहिलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात जुळणार नाही, म्हणाले.

निरोप पोचायला वेळ लागला, नवरा मिठागरावरून आला तो सहाव्या दिवशी. आईजवळ बसला, तिचा हात पाहिला, पाय पाहिला. मग मला बाहेर नेऊन विचारलं, "तुला सायकल कुनी शिकवली?"

"कुनी नाय."

तो वळला आणि डॉक्टरांना शोधायला गेला. सायकलचं त्याने परत कधी विचारलं नाही.

आत आले तर सासू छताकडे बघत पडली होती. "भगत असता तर पाय तरी वाचता," ती म्हणाली.

"भगत असता तर पाय घेऊन कुठं गेली असतीस?"

ती हसली. हिरड्या अजून काळ्या होत्या. हसताना खुबा दुखला असणार, कारण लगेच तोंड वाकडं केलं आणि मला शिवी दिली.

बैलगाडीत घालून तिला घरी नेलं, त्याच रस्त्याने. उतारावर गाडी हादरली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. त्यानंतर ती चालली नाही. तिला उठवणं, धुणं, खालचं काढणं माझ्याकडे होतं. सहा वर्षं. तिने त्या उताराचं नाव काढलं नाही, गोट्यांचंही नाही. मीही काढलं नाही. सायकलवर मी परत बसले नाही.

फुरशाने ती मेली नाही. ती त्यानंतर सहा वर्षांनी खाटेवरच वारली, म्हातारपणाने. मी अजून आहे.