नांदेड ते औसा, तेरा अंशांवर

उत्तमने त्या दिवशी मशीनला हात लावला नव्हता. या प्रवासाला निघेपर्यंत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं; बायकोला नाही, मालकांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. प्रवासाची हकिगत लिहायला बसलो आणि हेच वाक्य आधी आलं. राहू दे.

नांदेडहून आम्ही सकाळी निघालो. मी, ड्रायव्हर गफूरभाई आणि मागे अर्धापूरकडची कच्ची केळी. गाडी रीफर (आतून थंड ठेवता येणारी बंद गाडी). केळी लातूरला, पिकवायच्या खोल्यांत उतरवायची होती. एवढ्या जवळच्या फेरीला मी जात नाही. माझं काम ऑफिसात बसून फोनवर गाड्या सांभाळायचं. पण लातूरच्या एका डेअरीवाल्यांना थंड गाडीवर ड्रायव्हर हवा होता. उत्तम त्यांना भेटून गेला होता. तो आधी आमच्याकडे होता, म्हणून माणूस कसा आहे हे त्यांनी मला फोनवर विचारलं. मी म्हणालो, तिकडे येतोच आहे, समोरासमोर बोलू. खरं तर जायचं काहीच ठरलेलं नव्हतं.

गोदावरी ओलांडून विष्णुपुरीला आलो. धरण भरलेलं होतं. कॉलेजची पोरं टपरीपाशी उभ्यानं पोहे खात होती. पुढे लोह्यापर्यंत दोन्ही बाजूंना काढणीला आलेलं सोयाबीन, मध्येच तुरीचे हिरवे पट्टे, आणि जिथे रान मोकळं झालं होतं तिथे काळी माती. गफूरभाई रस्त्यापेक्षा केबिनमधल्या, गारव्याच्या मशीनच्या आकड्याकडे जास्त बघत होते. आकडा तेरावर होता.

केळीचं एक सांगायला हवं. तिला उन्हाइतकीच थंडीही बाधते. तेराच्या फार खाली गेली की साल राखाडी पडते, आणि मग ती केळी नीट पिवळी होतच नाही. शिवाय गाडी माल थंड करत नाही, थंड केलेला माल थंड ठेवते. बागेतून आलेली गरम केळी आधी शीतगृहात निववायची, मगच भरायची, असा रिवाज.

उत्तम आमच्याकडे होता तेव्हा, त्या दिवशी, आमच्या शीतगृहाची वीज गेली होती आणि दिल्लीचा माल अडून बसला होता. मी गरम केळीच भरायला लावली. उत्तमला म्हणालो, आकडा आठवर ठेव, माल लवकर निवेल. मग मी फोन करतो, तेव्हा तेरावर घे. फोन आल्याशिवाय ड्रायव्हरने आकड्याला हात लावायचा नाही, हा नियम मीच घालून दिलेला. दुपारी मी मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो, पंगतीत जेवलो आणि तिथेच एका खोलीत आडवा झालो. फोन करायचा राहिला. उत्तमने नियम पाळला.

दिल्लीत गाडी उघडली तेव्हा सगळा माल राखाडी पडला होता. उत्तम परत आल्यावर मालक यार्डात आले, सगळे ड्रायव्हर उभे होते. मी म्हणालो, त्याने मशीनला हात लावला असेल. उत्तम म्हणाला, सायबांनीच आठवर लावायला सांगितलं होतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. संध्याकाळी उत्तमने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

लोह्याच्या पुढे एका धाब्यावर ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याचा ठेचा खाल्ला. तिखटानं माझे कान तापले. गफूरभाईंनी कशासाठी चाललोय ते विचारलं नाही.

अहमदपूरला चहासाठी थांबलो तर एक माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन गाडीभोवती फिरू लागला. चाकूरला जायचं होतं, ऊन रणरणत होतं. म्हणाला, "मायला मागं बसवा की. गारवा हाय म्हनं."

"तेरावर हाय मामा," गफूरभाई म्हणाले. "बसवली तर म्हातारी व्हायचीच थांबल."

"मंग मलाबी बसवा."

म्हातारीने दोघांनाही मेल्यांनो म्हटलं आणि केबिनमध्ये चढून माझ्या शेजारी बसली. चाकूरपर्यंत ती मला सुनेबद्दल सांगत होती. चाकूर सोडलं आणि मशीनचा पट्टा तुटला. गफूरभाईंनी बाकाखालून दुसरा काढून चढवला. आकडा सोळापर्यंत गेला आणि पुन्हा उतरला. माल वाचला.

लातूरला केळी उतरवून मी डेअरीवाल्यांकडे गेलो. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी जेवायला निलंगा राईस (मसाल्यात डाळ-भाज्यांबरोबर शिजवलेला भात) मागवला. जेवता जेवता मी खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी ताट संपवलं. मग म्हणाले, माझा विश्वास आहे; पण माझ्याकडचे दोघे ड्रायव्हर तुमच्याच यार्डातून आलेत, आणि उत्तम मशीनला हात लावतो हे त्यांनी तिथेच ऐकलंय. उद्या दूध फाटलं तर कारण कोणी शोधणार नाही, त्याच्याकडे बोट दाखवतील.

"तुमच्या यार्डातून इकडे बरोबर बातमी येऊ द्या," ते म्हणाले. "आठवडाभर जागा ठेवतो."

गफूरभाईंना लातूरला सोडून मी बसने औशाला, उत्तमच्या गावी गेलो. डावीकडे किल्ल्याचा तट दिसला आणि मी उतरलो. उत्तम कुठे भेटेल म्हणून विचारलं तर पानवाल्याने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हळू आवाजात, कोण गेलं, असं विचारलं. उत्तम आता शीतपेटीची गाडी चालवतो (पुण्या-मुंबईचे नातेवाईक पोचेपर्यंत प्रेत ज्यात ठेवतात ती पेटी). गल्लीतले लोक ती गाडी दारात उभी करू देत नाहीत. ती बाजार समितीच्या भिंतीकडेला असते, आणि दिवसभर तोही तिथेच असतो.

मला पाहून तो उठला नाही. बाकड्यावर सरकून जागा केली.

"बसा सायब, हितं. गाडीत बसायची घाई करू नका."

मी बसलो. धंदा कसा आहे विचारलं. म्हणाला, माल बरा हाय. दिल्लीवरनं कोनी फोन करत न्हाई, काळा पडला म्हून. बायको मात्र गाडीवरून आल्यावर अंघोळीशिवाय चुलीकडे येऊ देत नाही, आणि लेकीच्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या, हेही त्याने त्याच सुरात सांगितलं. डेअरीवाल्यांनी काही कळवलं का, एवढं एकदा विचारलं.

मग मी सांगितलं. आठचा आकडा माझा होता, फोन मी विसरलो, खोटं मी बोललो.

"मला काय सांगायलात?" उत्तम म्हणाला. "मी तर गाडीतच होतो."

त्याने पेटीच्या काचेवरची धूळ फडक्याने पुसली.

"जितं बोललात तितंच बोला," तो म्हणाला. "समद्यांम्होरं."

तेवढ्यात त्याला बोलावणं आलं. गाडी गेल्यावर मी बसस्टँडकडे निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गफूरभाईंबरोबर नांदेडला पोचलो. यार्डात चहाची वेळ होती. मालक आले होते, ड्रायव्हर गाड्यांच्या सावलीत बसले होते, कोणीतरी मला कप दिला. मालकांनी विचारलं, काय म्हणतं लातूर? मी म्हणालो, पट्टा तुटला होता, पण माल चांगला उतरला.

मग चार दिवस हे लिहीत बसलो. लिहिणं मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही, कारण आमच्या यार्डात प्रवासवर्णनं कोणी वाचत नाही. डेअरीवाल्यांनी अजून दुसरा माणूस घेतलेला नाही.

उत्तमचं मी एवढंच देणं लागतो: यार्डात, मालक आणि सगळ्या ड्रायव्हरांसमोर उभं राहून, त्याने मशीनला हात लावला नव्हता, हे तोंडानं सांगायचं. ते मी अजून दिलेलं नाही.