आयुब मिस्त्री आणि फ्रान्सचं टेबल

फ्रान्समध्ये जन्मलेलं, हैदराबादच्या एका नवाबाच्या देवडीत, म्हणजे हवेलीत, शंभर वर्षं सुखानं राहिलेलं आणि कुणाचंही वाकडं न केलेलं एक अक्रोडाचं टेबल गेल्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी दुपारी, माझ्या तावडीत सापडलं.

आयुब मिस्त्री नमाजला निघाले होते. "अर्धा तास बसा सर, दुकानाकडं बघा," एवढंच म्हणाले. मी बसलो, बघितलं, आणि समोरच्या हॉटेलातनं आलेला गरम चहाचा ग्लास त्या टेबलावर ठेवला. उचलला तर खाली पांढरं गोल उमटलेलं. इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. चूक दिसली की हात शिवशिवतात. खिडकीत पॉलिश पेपर पडला होता. तो घेऊन घासायला बसलो. गोल गेलं. त्याच्यासंगं टेबलाचं जुनं पॉलिशही गेलं आणि तळहाताएवढं उघडं लाकूड माझ्याकडं बघायला लागलं.

मिस्त्री परत आले. ओरडले नाहीत. डोक्यावरची टोपी काढली, घडी घालून खिशात ठेवली, त्या जागेवरनं बोट फिरवलं.

"कुठला पेपर घेतला?"

मी खिडकीतला दाखवला.

"ऐंशी नंबर. दारं घासायचा," ते म्हणाले आणि खाली बसले. त्यांना असं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

उमरग्यात हायवेला लागून मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान आहे. दारं-खिडक्या, लग्नातले पलंग, यांच्यावर घर चालतं. पण खरा जीव विलायती सामानात. त्यांचे वडील कलीम मिस्त्री हैदराबादला एका देवडीत फर्निचरच्या देखभालीला होते. जहाजानं आलेली कपाटं, आरसे, नक्षीच्या खुर्च्या यांची मलमपट्टी तेच करायचे. आयुब सात-आठ वर्षांचे असल्यापासून त्यांच्या हाताखाली. पुढं देवड्या विकल्या गेल्या, सामान देशभर पांगलं, बाप-लेक उमरग्याला आले. पण हौशी लोक पत्ता काढत अजून येतात. मी तीस पिढ्यांना (पोरांच्या हं, माझ्या नव्हे) फ्रान्सच्या नद्या पाठ करून घेतल्या, पण फ्रान्सचं टेबल कसं बोलतं ते मिस्त्रींनी शिकवलं. पायाचा बाक बघून ते टेबलाचं वय सांगतात. कुणी म्हणालं, मिस्त्री, हे शाईचे डाग काढून चकाचक करा, तर त्याला परत पाठवतात. डाग म्हणजे टेबलाचं वय, ते कसं काढू, असा त्यांचा सवाल असतो.

हे टेबल पुण्याच्या हर्षालीताईंचं. जुन्या युरोपियन वस्तू जमवणारी बाई, मोठी काटेकोर. तुटलेला पाय तेवढा जोडायचा, वरच्या मूळ पॉलिशला बोट लावायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं आणि मिस्त्रींनी जबान दिली होती. रविवारी सकाळी त्या टेबल न्यायला येणार होत्या. काम मनासारखं झालं तर याच टेबलाच्या सहा खुर्च्या मिस्त्रींकडं येणार होत्या. आयुष्यात एक अख्खा संच आपल्या हाताखालनं जावा, ही त्यांची जुनी हौस. सत्तरी गाठलेल्या माणसाला असा संच पुन्हा कधी मिळायचा?

मिस्त्रींच्या बेगम जमिलाभाभी मागच्या दारानं आल्या, त्यांनी टेबल पाहिलं, मग मला पाहिलं. शाळेत पोरांच्या वह्या असंच भोक पडेस्तोवर खोडायचात का, असं विचारून त्या आत गेल्या आणि तिघांना चहा घेऊन आल्या. माझा ग्लास मात्र त्यांनी माझ्या हातातच दिला आणि पिऊन होईस्तोवर समोर उभ्या राहिल्या.

मग दोन दिवस मिस्त्री त्या तळहाताएवढ्या जागेवर वाकून होते. स्पिरिटमध्ये लाख विरघळवली, गेरू कालवला, भाभींच्या डबीतलं काजळ चिमूटभर मागून घेतलं. रंग आधी अंगठ्याच्या नखावर लावायचा, दारातल्या उजेडात धरायचा, मान हलवायची, पुसायचा. नखावर पटला तेव्हा फडक्यात कापूस बांधून टेबलावर हात फिरायला लागला. पातळ थर, मग वाट बघणं, मग पुन्हा थर. मला काम दिलं ते दुकानाबाहेरचं: ट्रकांची धूळ आत येऊ नये म्हणून अंगणात पाणी मारायचं. आयुष्यात इतक्या इमानदारीनं मी कुठलंच काम केलं नाही.

रविवारी सकाळी मी स्वतः शोधलं, मला जागा सापडली नाही. जीव भांड्यात पडला. हर्षालीताई आल्या, पाय तपासला, खूश झाल्या. टेबल उचलायला माणसं वाकली, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "ताई, थांबा. इथं पॉलिश गेलं होतं, मी नवं भरलंय. जबान मोडली माझी."

मी अंगणातल्या बादलीकडं बघत राहिलो.

ताईंनी भिंग काढलं, मोबाईलची बॅटरी लावली, बराच वेळ वाकून बघितलं. कुणी केलं, असं विचारलं. माझे ओठ हलले असावेत, पण मिस्त्रींनी मला बोलू दिलं नाही.

"दुकान माझं, म्हणजे हात माझाच."

ताईंनी वही काढली. जागा, तारीख, लाख, गेरू, काजळ, सगळं विचारून लिहून घेतलं. म्हणाल्या, आजवर कारागिरांची डागडुजी मलाच वर्षा-दोन वर्षांनी सापडायची, आपण होऊन दाखवणारे तुम्ही पहिले. सहाही खुर्च्या पुढच्या आठवड्यात पाठवते.

गाडी गेली. मी मिस्त्रींचा हात धरला. स्पिरिटनं खरखरीत झालेला, नखावर अजून तपकिरी रंग. म्हटलं, मिस्त्री, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. आता खुर्च्या आल्या की मी रोज सकाळी येतो, दिवसभर राखण करतो, तुम्ही निवांत काम करा.

मिस्त्रींनी हात सोडवून घेतला.

"सर, खुर्च्या येऊ द्या, तुम्ही येऊ नका."