टिकलीमागचा दिवा

रविवार, भाऊबीज होऊन तीन दिवस झालेले. वेळ सकाळची. जागा परभणीतलं आमचं अंगण.

हजर: मी. आमचे हे. लेक, जिला दुसऱ्या दिवशी सोनपेठकडे जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू व्हायचं होतं. माझ्या माहेरच्या गावचा मिस्त्री, जो मला ताई आणि ह्यांना दाजी म्हणतो. आणि आमची पांढरी गाडी. लेक सातवीत होती तेव्हा घेतलेली.

शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर हजेरी मांडल्याशिवाय मला कुठलंच काम सुरू करता येत नाही. घरात सगळे हसतात. हसू देत.

भाऊबीजेला मी येलदरीजवळ भावाकडे गेले होते. परतताना ऊन समोरून येत होतं. हे गाडी चालवत होते, मी शेजारी. एकाएकी स्पीडच्या काट्याजवळून काहीतरी गळून ह्यांच्या मांडीवर पडलं. उचलून पाहिलं तर टिकली. माझी. मरून, मधल्या आकाराची, आरशावर लावून ठेवते त्यातली. आणि ती जिथे होती तिथे लाल दिवा जळत होता. बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर फुगा, असं चित्र. एअरबॅगचा दिवा.

"हे कधीपासून आहे?"

"अगं दिवाच हाय तो, आग न्हाई लागली. सारखा डोळ्यावर यायला होता म्हणून झाकला."

"माझ्या टिकलीनं?"

"मग काय, माझी लावू?"

मी तेव्हा हसले, ते कबूल करते. पण घरी आल्यावर गाडीची किल्ली माझ्या कपाटात गेली. दिवा लागलेला असताना टक्कर झाली तर फुगा उघडेल याचा भरवसा नाही, एवढं गाडीसोबतच्या पुस्तकात छापलेलं आहे. ही गाडी घेताना आम्ही तीन गाड्या पाहिल्या होत्या. त्यांत फुगे असलेली हीच एक, म्हणून घेतली. आता तीच घेऊन लेक रोज एकटी सोनपेठला जाणार, तिथून पुढे खेड्यांत. दिवा विझल्याशिवाय किल्ली नाही, हे मी तिला सांगून टाकलं.

"यष्टी हाय की," हे म्हणाले.

"औषधांची पेटी, बर्फाचा डबा आणि गमबूट घेऊन यष्टीत?" लेक म्हणाली. "अन् यष्टीतून उतरून मेंढरांच्या वाड्यावर कशी जाऊ, बाबा? मेंढरावर बसून?"

म्हणून रविवारी मिस्त्री.

तो आला, बोनेटकडे पाहिलंही नाही. दार उघडून स्टेअरिंगवर थाप मारली. "ताई, हितंच हाय बघा. स्टेअरिंगच्या पोटात पट्टीवानी गुंडाळलेली तार ऱ्हाती. जुन्या गाडीत तीच तुटती. तुटली की हॉर्न बी रुसतो. दाजी, स्टेअरिंग फिरवत हॉर्न मारा."

ह्यांनी डावीकडे पार वळवून मारला, उजवीकडे पार वळवून मारला, मधे धरून मारला. हॉर्न एकदाही चुकला नाही. समोरच्या घरातून विचारणा झाली की कोण आलंय.

"तार शाबूत हाय," मिस्त्री थोडा हिरमुसला. मग त्यानं पिशवीतून हातात मावणारा स्कॅनर काढून स्टेअरिंगखाली जोडला. पडद्यावर ओळ आली. ड्रायव्हरच्या सीटबेल्टमध्ये एक यंत्र असतं, टकरीच्या क्षणी पट्टा आवळून धरणारं. त्याच्या तारेत बिघाड. मिस्त्रीनं ती नोंद पुसली. चाबी फिरवली. नोंद परत हजर.

"जुना फॉल्ट असता तर पुसला की गेला असता. ह्यो आत्ताचा हाय, जिता." तो पाय पसरून पायरीवर बसला. "दोन रस्ते हायत, ताई. पूर्ण पट्टा नवा मागवायचा. जुन्या गाडीचा माल, पंधरा दिवस धरा. न्हाई तर आज एक बारकं रेझिस्टन्स तारेत टाकतो. गाडीला वाटंल सगळं ठीक हाय. दिवा गप."

"म्हणजे हीच टिकली, आतून लावलेली," मी म्हटलं. "नको."

लेकीचा चेहरा उतरला. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस पेटी घेऊन यष्टी. चहा ठेवायला मी आत वळणार, तेवढ्यात ती ह्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. शेतकरी म्हैस घेऊन येतो तेव्हा त्याच्याशी बोलावं तसं बोलायला लागली.

"कधीपासून आहे हे?"

"दसऱ्याच्या मागनं."

"किती दिवसांनी?"

"दोन-तीन."

"त्याच्याआधी काही बदल? काय खाऊ घातलं? कुठं नेली होती?"

"डॉक्टरीणबाई, गाडी हाय ती," हे म्हणाले.

"बाबा, उत्तर द्या. पेशंट बोलत नाही, मालकालाच विचारावं लागतं."

"कुठं नेणार? पेडगावला, शेतात. खंडेनवमीला धुवायला." आणि मग हे खुलले. "काय धुतली होती! ट्रॅक्टर धुतला, पेरणीयंत्र धुतलं, हिला बी सोडलं न्हाई. विहिरीवरची मोटर चालू, चारी दारं उघडी, पाइप सरळ आत. सगळी धूळ अशी वाहत भाईर!"



"आत?" मिस्त्री उठून उभा राहिला. "दाजी, आत पाइप मारला?"

"ट्रॅक्टर कसा धुत्यात मग?"

"ट्रॅक्टरला गालिचा असतो का ओ!" मिस्त्री हसून हसून परत खाली बसला. "ताई, तुमच्या माणसानं गाडीला आंघोळ न्हाई घातली, पोहायला शिकवलं."

"पूजेची गाडी स्वच्छ नको का?" हे म्हणाले, पण आवाज उतरला होता.

यानंतर सगळं क्रमानं झालं, आणि मला ते आवडलं. मिस्त्रीनं आधी बॅटरीची तार काढली. मग म्हणाला, आता चहा. फुग्यांच्या तारांत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ ताकद राहते, लगेच हात घालायचा नाही, तारा खेचून बघायच्या नाहीत. आम्ही चहा घेतला, उरलेल्या चकल्या खाल्ल्या. मग त्यानं ड्रायव्हरची सीट मागं सारली आणि खाली डोकं घातलं.

"भाची, टॉर्च धर."

लेक आडवी झाली. सीटखाली पट्ट्याच्या त्या यंत्राची पिवळी तार, तिचा पिवळा जोड. आजूबाजूला हाराच्या झेंडूच्या वाळल्या पाकळ्या चिकटलेल्या. गालिच्यावर मिस्त्रीनं अंगठा दाबला तर कडेला पाणी आलं. इतक्या दिवसांनंतर! जोड उघडला, आतल्या एका पिनेवर हिरवट थर.

"सापडलं," लेक म्हणाली, आणि टॉर्च माझ्या डोळ्यांवर मारली.

पिना साफ केल्या, फवारा मारला, हवा मारून वाळवल्या. जोड 'टक्' करून बसला. बॅटरी लावली. नोंद पुसली. मिस्त्रीनं चाबी फिरवली. लाल दिवा लागला, आम्ही चौघं वाकून बघत उभे, आणि काही सेकंदांनी तो आपला आपण विझला.

"परत," मी म्हटलं.

परत लागला, परत विझला. मी तिसऱ्यांदाही लावायला लावला. सुरुवातीला लागलाच पाहिजे, तरच दिवा खरा. अजिबात न लागणाऱ्या दिव्यावर माझा आता विश्वास उरलेला नाही.

"सासू हाय ही गाडीची," हे मिस्त्रीला म्हणाले. मी किल्ली लेकीच्या हातात ठेवली. तिनं ती लगेच खिशात टाकली, कोणाचं मन बदलायच्या आत.

निघताना मिस्त्रीनं बजावलं. पट्टा बदलायची गरज नाही, पण सीट काढून गालिचा उचलायचा, दोन दिवस कडक उन्हात टाकायचा. खाली ओल राहिली तर पिना पुन्हा हिरव्या होतील.

"पुढच्या रविवारी काढतो," हे म्हणाले. "माझ्याकडं लागलं."

सोमवारी लेक गेली. सोनपेठला पोचून तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आई, दिवा लागला अन् गेला. मी पण पोचले." त्या दिवशी मी डबा चवीनं खाल्ला.

आता ती रोज सकाळी चाबी फिरवते, थांबते, "गेला गं!" म्हणून ओरडते आणि मग निघते. हे ओट्यावर दात घासत असतात, तेही मान हलवतात. टिकल्यांचं पाकीट मी जागच्या जागी ठेवलं आहे.

पुढच्या रविवारी कापूस वेचायला बाया मिळाल्या, म्हणून हे पेडगावला. त्याच्या पुढच्या रविवारी लग्न. काल संध्याकाळी गाडी आल्यावर मी सीटखाली हात घालून पाहिलं. वरून कोरडं, अंगठा दाबला की अजून गार लागतं. फ्रिजवर मी गाडीच्या कामांची यादी लावली आहे, तिच्यात बाकी सगळ्यावर काट मारलेली आहे. एवढंच राहिलं आहे: सीट काढणे, गालिचा उन्हात टाकणे. कोणी: बाबा.