चुंबकरावांच्या रेघा

चुंबकरावांसमोर जायचं म्हणजे आधी अंगावरचं लोखंड उतरवावं लागे. किल्ल्या, चाकू, मोबाईल, पँटच्या पट्ट्याचं बक्कल, केसांतल्या पिना, सगळं. एकदा त्यांनी एका मजुराला बूट काढायला लावले, कारण टाचेत खिळे होते. तो बिचारा दिवसभर काट्यांतून अनवाणी हिंडला आणि संध्याकाळी म्हणाला, "साहेब, उद्या दातही घरी ठेवून येऊ का?"

हे गृहस्थ माझ्या आत्याचे धाकटे दीर, म्हणजे नात्याने माझे काका. तोंडावर मी त्यांना काकाच म्हणायचो. मागे मात्र सगळं घर त्यांना चुंबकराव म्हणत असे, आणि हे त्यांना माहीत असूनही ती पदवी आहे असं समजून ते खूश होते.

त्यांचा धंदा म्हणजे जमिनीवर चालून जमिनीखालचं सांगायचं. छातीवर एक डबा, हातात उंच दांडा आणि दांड्याच्या टोकाला बाटलीएवढं यंत्र. खाली चुंबकाला चिकटणारा काळा दगड असला की डब्यावरचा आकडा हलतो. नसला की आकडा जागच्या जागी डुलक्या घेतो. त्या यंत्राला मॅग्नेटोमीटर म्हणतात. ज्याला खाणीचा हक्क मिळालेला असतो त्याने आंधळेपणाने जमीन खणू नये, म्हणून ही सोय. खरी हुशारी यंत्राची. चुंबकरावांचं काम म्हणजे त्याला फिरवून आणायचं, जसं एखादा शेजाऱ्याचं कुत्रं फिरवून आणतो. पण कुत्रं फिरवणारा स्वतःला कुत्रं समजत नाही. चुंबकराव स्वतःला यंत्र समजत.

"मला दांड्याची गरज नाही रे," ते मला सांगायचे, "तळपायाला कळतं. दांडा लोकांच्या समाधानासाठी."

त्यांचं काही चुकलंच, तर दोष सूर्याचा. सूर्यावर वादळ झालं की पृथ्वीचं चुंबकत्व बिघडतं आणि आकडे भरकटतात, हे खरं आहे. पण चुंबकरावांच्या आयुष्यात सूर्याला एक दिवस चैन नव्हतं. एकदा आत्याने सांगितलेली भाजी आणायला विसरले, तेव्हाही त्यांनी वर बघितलं होतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची कंबर. आयुष्यभर डोंगर चढूनही आपली कंबर पंचविशीतल्या पोरासारखी आहे, हे ते परक्या माणसालाही ओळख झाल्याबरोबर सांगत. हे ऐकताना त्यांची बायको, आमची काकू, न चुकता खिडकीबाहेर बघायची.

आता आत्याच्या टेकडीकडे येतो. आत्याच्या नवऱ्याने जाण्याआधी गावाबाहेरच्या एका खडकाळ टेकडीचा खाणहक्क घेऊन ठेवला होता. तिथे गवतसुद्धा नाखुशीने उगवायचं. पण ते त्या टेकडीवर जीव टाकून होते, आणि त्यांच्या मागे आत्याही. नियम असा, की वर्ष संपायच्या आत टेकडीत एक तरी बोअर मारायची आणि खाली धातूचा दगड असल्याचं दाखवायचं; नाहीतर हक्क काढून घेणार. वर्ष संपत आलं होतं. बोअरवाला लांबच्या कामावर निघालेला, वाटेत थांबून एकच बोअर मारून देतो म्हणाला. एक म्हणजे एकच. ती चुकली की टेकडी गेली.

"कुठे मारायची, एवढं सांगा भाऊजी," आत्या म्हणाली. "त्यांची टेकडी तुमच्या हातात देतेय."

"वहिनी," चुंबकराव म्हणाले, "तुम्ही फक्त चहा ठेवा."

मग टेकडीवर ओळी आखल्या. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि तेव्हा सुट्टीवर होतो, म्हणून निशाणं रोवायचं काम माझ्याकडे आलं. एक ओळ उत्तरेकडे तोंड करून चढत जायची, शेजारची दक्षिणेकडे तोंड करून उतरत यायची, पुन्हा चढायची. चुंबकराव पुढे, मी बराच मागे, कारण माझ्या चष्म्याच्या स्क्रूवर त्यांचा विश्वास नव्हता. आत्या भाकरी घेऊन आली तर तिला ओळीपासून लांब उभं करून ओरडायचे, "वहिनी! लोखंड!"

"अहो, डबा पितळेचा आहे!"

"कडी बघा कडी!"

काम संपलं आणि नकाशा तयार झाला. चुंबकरावांनी तो जेवणाच्या टेबलावर अंथरला. लाल रेघ, निळी रेघ, लाल रेघ, निळी रेघ. टेकडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकीला एक समांतर, कुठे वाकणं नाही की तुटणं नाही.

आत्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "भाऊजी, हा टेकडीचा नकाशा आहे की तुमच्या पायजम्याचं कापड?"

"शिरा आहेत शिरा! धातूच्या!" चुंबकराव म्हणाले. "प्रत्येक लाल रेघ म्हणजे एक शीर. एवढ्या समांतर शिरा मी जन्मात पाहिल्या नाहीत."

पाहणार कुठून? निसर्ग पट्टी लावून रेघा मारत नाही, हे मी पाचवीच्या मुलांनाही सांगतो. पण त्या क्षणी मीही मान डोलावली. अंगावर येणाऱ्या आत्मविश्वासापुढे माणसाचा भूगोल टिकत नाही. कोपऱ्यात, शेळ्या बसायच्या त्या खडकापाशी, एक गोल डाग होता. तो रेघांना आडवा जात होता आणि दोन्ही रंगांतून वर येत होता.

"आणि हे काय?" आत्याने बोट ठेवलं.

"तो कचरा. सूर्य."

बोअरवाला सकाळी आला. अबोल, अंगाने पिंपासारखा. चुंबकरावांनी त्याची गाडी पार खाली ओढ्यापलीकडे थांबवली आणि सगळ्यात लाल रेघेवर ठोकलेल्या खुंटीपाशी शेवटची खात्री करायला आपला दांडा घेऊन उभे राहिले. उभे म्हणजे, त्या दिवशी ते जरा प्रश्नचिन्हासारखे दिसत होते. मी मागे, आत्या बाजूला.

आकडा हलेना. चुंबकरावांनी डब्यावर टिचकी मारली. दोन पावलं पुढे गेले, दोन मागे आले. आकडा डुलक्या घेत राहिला.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"शीर... जरा..." त्यांनी वर बघितलं.

"सूर्य राहू दे तिकडे," बोअरवाला म्हणाला. "मारू का नको?"

तेवढ्यात टेकडीच्या पायथ्याशी काकू दिसली. हातात काहीतरी फडकवत, धापा टाकत चढत होती. "अहो! अहो, थांबा! उसवलेला शिवून झाला! असे वाकून काय उभे राहिलात? हा घ्या पट्टा तुमचा!"

तिच्या हातात डॉक्टरी पट्टा होता. कमरेला घट्ट आवळायचा, आणि पाठीच्या बाजूला आतून पोलादाच्या लांब पात्या शिवलेला. चढणीवर कंबर धरायला लागल्यापासून तो शर्टाच्या आत राहत होता, आणि काकूला कुणाजवळ अवाक्षरही काढायची बंदी होती. टेकडीवर नवरा दुमडलेला पाहिला आणि बंदी तिच्या डोक्यातून गेली.

काकू येऊन चुंबकरावांच्या पाठीशी उभी राहिली, आणि डब्यावरचा आकडा ताडकन वर गेला.

आत्या हळूच पुढे झाली. "अगं, जरा मागे सरक."

काकू मागे सरकली. शीर गेली.

"आता पुढे ये."

शीर आली.

"बाई गं," आत्या म्हणाली, "आपल्या टेकडीची खाण तुझ्या हातात आहे की!"

मग एकेक उलगडत गेलं. उत्तरेकडे चढताना त्या पात्या आकडा वर ढकलत होत्या, दक्षिणेकडे उतरताना खाली ओढत होत्या. एक ओळ लाल, एक ओळ निळी. आम्ही टेकडीचा नकाशा काढलाच नव्हता. चुंबकरावांच्या कमरेचा काढला होता, तोही रंगीत. जगाच्या टाचेतले खिळे मोजणारा हा माणूस अंगावर पोलादाच्या पात्या बांधून हिंडत होता, आणि त्याला शंकासुद्धा आली नाही. येणार कशी? त्यांच्या हिशेबी तो पट्टा अस्तित्वातच नव्हता. जो पट्टा नाही, त्यात लोखंड कुठलं?

"म्हणे पंचविशीतल्या पोराची कंबर!" आत्या म्हणाली. ती हसत होती, पण डोळे पुसत होती, आणि ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं.

मला वाटलं, आता हे गृहस्थ सूर्याला पुन्हा वेठीला धरणार. तोंड उघडलंही होतं त्यांनी. खुंटीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, बायकोच्या हातातल्या पट्ट्याकडे बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "इथे बोअर मारू नका."

त्यांच्या सबंध कारकिर्दीत हे पहिलं वाक्य, ज्यात ते स्वतः कुठेच नव्हते.

"मग कुठे?" बोअरवाल्याने विचारलं. "मला उद्या सकाळी निघायचंय."

"संध्याकाळी सांगतो."

मग चुंबकराव पट्ट्याशिवाय टेकडी चालले. सगळ्या ओळी नाहीत, जमल्या तेवढ्या. काकू पट्टा घेऊन खाली दगडावर बसून होती आणि ते वाकले की उठून उभी राहायची. ते वरून हात हलवून तिला खाली बसवायचे. कण्हणं ऐकू येत होतं. मध्येच "काही नाही, घसा खाकरला" असंही ऐकू येत होतं. दिवस कलला तोवर लाल रेघा आणि निळ्या रेघा विरून गेल्या होत्या. सबंध टेकडी सपाट, निर्विकार. फक्त कोपऱ्यात, शेळ्यांच्या खडकापाशी, तो गोल डाग जिथल्या तिथे होता.

"तुमचा कचरा," आत्या म्हणाली.

"हो," चुंबकराव म्हणाले. आणि थांबून, "वहिनी, तिथे दादाने कधी काही पुरलं नव्हतं ना? पत्रा, पिंप वगैरे?"

"माझ्या सासूची शिलाई मशीन हरवली होती खरी. पण तिथे नाही."

बोअर तिथे मारली. बराच वेळ नुसता करडा चिखल वर येत राहिला, आणि आत्या दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. मग दगडाचा एक काळा, जड दांडा वर आला. चुंबकरावांनी बोअरवाल्याच्या पेटीतून छोटा चुंबक काढून पुढे केला, तो टक्कन चिकटला आणि निघेना. आत्याने तो दांडा तान्ह्या मुलासारखा हातावर घेतला आणि कुणाला देईना. मोठी खाण झाली वगैरे काही नाही. पण दाखवण्यापुरता दगड मिळाला, टेकडी तिच्याकडे राहिली.

आता चुंबकराव ही हकिगत कुठेही सांगतात. त्यात आपण एक संशयास्पद नकाशा कसा जिद्दीने रद्द केला आणि कोपऱ्यातला डाग तळपायाने कसा ओळखला, हे सविस्तर येतं. पट्टा येत नाही. काकू खिडकीबाहेर बघते.

मात्र मागच्या सुट्टीत दुसऱ्या कुणाच्या हक्काच्या जमिनीवर मी पुन्हा त्यांच्याबरोबर होतो. सकाळी मजूर गोळा झाले, चुंबकरावांनी छाती काढून आरोळी ठोकली, "लोखंड काढा!" आणि एकाही माणसाने खिशात हात घातला नाही. सगळे चुंबकरावांच्या कमरेकडे बघत उभे राहिले. बातमी कुणी पोचवली, देव जाणे. आत्याचा त्या बाजूला फारसा वावर नाही, एवढंच सांगतो.

चुंबकराव क्षणभर लाल झाले. मग त्यांनी पाठ फिरवली, शर्ट वर केला आणि गोल वळून सगळ्यांना उघडी कंबर दाखवली.

"बघितलीत?" ते ओरडले. "आता बूट काढा, गाढवांनो!"