गल्लीच्या तोंडाशी अडकलेली म्हैस

सत्तरच्या दशकातली एक सकाळ... शिवाजी पेठेतली आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी दोन दगडी खांबांमध्ये अडकलेली म्हैस! तिच्यामागे आणखी अकरा, आणि सगळ्यांच्या मागे तापलेले दत्तूमामा गवळी.

आमच्याकडे तेव्हा दूध नाही, म्हैसच यायची. पुढच्या चौकातल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार निघायची आणि कट्ट्याची वाट आमच्या गल्लीतूनच होती. ती अडवणारे खांब रोवले कोणी? तर पालिकेत ओव्हरसियर असलेल्या आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी!

त्याचं असं झालं... मोठ्या रस्त्याची गर्दी चुकवायला लाकडाच्या वखारीचे ट्रक आमच्या गल्लीत घुसायचे. ट्रक आला की भिंतीला पालीसारखं चिकटून उभं राहायचं. मी नुकतीच सातवीत गेले होते, आठवीपासूनची शाळा लांब राजारामपुरीत. सायकल हवी म्हणून मी हट्ट धरला, पण आईने एका वाक्यात निकाल लावला... गल्लीतले ट्रक बंद होईपर्यंत सायकलचं नाव काढायचं नाही.

अण्णा वर्षभर वरच्या साहेबांच्या मागे लागले आणि खांबांची मंजुरी आणली. माणूस जाईल, सायकल जाईल, ट्रक मात्र नाही. सायकलचं हँडल त्यांनी स्वतः टेपने तीनदा मोजलं होतं... म्हैस मोजायची राहिली! त्यात ती पंढरपुरी जातीची, शिंगं ही एवढी लांब.

"सायब, म्हशी काय खांद्यावर घिऊन जाऊ व्हय?" दत्तूमामा गरजले. तोवर तालमीतली चार पोरं पहारी घेऊन आलीच, खांब उपटायला. मी दारात उभी होते आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. एकदा उपटलेला खांब पुन्हा रोवायला कुठलं ऑफिस येतंय? खांब गेला की माझी सायकलही गेली.

अण्णा वाद घालत बसले नाहीत. आधी म्हशीला मागे घ्यायला लावलं, मग टेप काढून तिचं पोट मोजायला लागले! अख्खी गल्ली हसली. "सायब, सदरा शिवतासा काय तिला?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

अण्णा उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं. पोट आरामात जातंय, शिंगंच अडकतात. खांब उंच झालेत. उपटा खुशाल... पण खड्डा आणखी दोन फूट खोल करा आणि तिथंच पुरा."

"मग हे आदी सांगाय न्हाय व्हय!" दत्तूमामा म्हणाले आणि एका पोराच्या हातातली पहार घेऊन स्वतःच खणायला लागले. उपटायला आलेल्या पहारींनीच दुपारपर्यंत खांब खोल पुरले. संध्याकाळी म्हशी ऐटीत निघाल्या... पोट खांबांच्या मधून, शिंगं खांबांच्या वरून!

ट्रक त्यानंतर आला नाही. जून महिन्यात सायकल आली, सेकंडहँड, पण माझी.

शाळेचा पहिला दिवस. खांबांपाशी पोचते तर समोरून म्हशींचा तांडा. मी घाबरून उतरणार, तोच पलीकडून दत्तूमामांचा आवाज आला, "हाऽ हाऽ, थांबा गं बायांनो! सायबांची पोरगी जाऊ दे आदी!" बारा म्हशी थांबल्या आणि मी घंटी वाजवत निघाले. माझ्या मागोमाग वर्षभरात गल्लीतल्या पाच मुली सायकलवर बसल्या.

परवा भाच्याने मोबाईलवर कुठल्याशा सायकल ट्रॅकचा नकाशा दाखवला. छानच होता. मी विचारलं, "म्हैस मोजली का?" तो हसला, मग त्याला ही सगळी गोष्ट सांगितली.

अण्णा आज नाहीत. चूक कबूल करायला त्यांनी एक मिनिटही घेतलं नाही, म्हणून ते खांब टिकले आणि माझी शाळाही. त्या खांबांमधून जाताना आजही माझी मान ताठ असते...

आणि म्हशींचीही!